खाडीचें तोंड आणि बाजाराची वेळ

दरसाल १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस समुद्रांत जाण्याची बंदी असते. ती उठली आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण झाला, कीं कोंकणच्या खाडीखाडींतून नौका बाहेर पडूं लागतात, व आमच्या शहरांच्या बाजारांत पापलेट, सुरमई, बांगडा यांचे ढीग दिसूं लागतात. भाव चढले कीं उतरले याची चर्चा घरोघर होते. परंतु ही मासळी कोणत्या वाटेनें आली, हा प्रश्न आम्हां सुशिक्षित म्हणविणाऱ्यांपैकीं किती जणांनीं कधीं विचारला असेल? खोल समुद्र भयंकर, अशी ज्यानें समुद्र दुरून पाहिला त्याची समजूत असते. ज्याचें आयुष्य दर्यावर गेलें अशा कोणाहि तांडेलास विचारावें. तो सांगेल कीं भय आहे तें उथळ पाण्याचें, आणि तें घरापासून दूर असतांना नव्हे, तर गांवचीं माडांचीं झाडें दिसूं लागल्यावर सुरू होतें. रात्रभर वाऱ्यापावसांत टिकलेली होडी खाडीच्या तोंडाशीं, काठावरील माणसांच्या डोळ्यांदेखत उलटते.

असें कां होतें हें समजून घेतल्यावांचून पुढील विवेचन व्यर्थ आहे. कोंकणच्या नद्या लहान पण उतावळ्या. सह्याद्रीच्या माथ्यावरून निघालेलें पाणी थोडक्याच मैलांत समुद्रास मिळतें व पावसाळ्यांत आपल्याबरोबर माती आणि वाळू घेऊन येतें. समुद्राच्या लाटा किनाऱ्याच्या कडेकडेनें दुसरी वाळू लोटीत असतात. नदीचा वेग तोंडाशीं मंदावला कीं दोहोंचें ओझें तेथेंच खालीं बसतें, आणि तोंडास आडवा असा वाळूचा दांडा तयार होतो. भरतीच्या वेळीं त्यावर होडी सुखानें जाईल इतकें पाणी असतें. उधाणाच्या ओहोटीस कित्येक ठिकाणीं कमरेइतकेंहि उरत नाहीं. मधून एखादी नाळ तेवढी खोल राहते, आणि तिचीहि जागा एका पावसाळ्यांत बदलते. वासिष्ठीच्या तोंडाशीं दाभोळ, सावित्रीच्या तोंडाशीं बाणकोट, गोमंतकांत साळ नदीच्या तोंडाशीं बेतूल, हीं सर्व अशाच वाटांचीं नांवें आहेत. मांडवीच्या तोंडाशीं आग्वादचा दांडा पावसाळ्यांत इतका दुर्गम होतो कीं खनिजाचीं मोठालीं बार्जें त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यानें मुरगांवास नेण्याचा प्रघात पडला. मालवणास वाळूच्या जागीं खडक आहेत. सिंधुदुर्गासाठीं ती जागा पसंत करणाऱ्यानें या खडकांचा उपयोग ओळखला होता. परक्या जहाजास जी वाट बंद, ती गांवच्या नावाड्यास उघडी, हें त्या दुर्गाचें अर्धें बळ होतें. मिरकरवाड्याच्या बंदरांत सांचणारा गाळ हा विषय तर रत्नागिरीकर वाचकांस आम्हीं नव्यानें सांगावा असा नाहींच.

आतां लाटेचा नियम पाहा. लाटेची उंची तिच्याखालील पाण्याच्या खोलीच्या सुमारें पाऊणपट झाली कीं ती लाट फुटते. दांड्यावर दोन मीटर पाणी असेल तर दीड मीटरची लाट तेथें फुटेल. तेंच पाणी ओहोटीनें एक मीटरवर आलें तर पाऊण मीटरची, म्हणजे बाहेर समुद्रांत जिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहणार नाहीं अशी लाट, तेथें फुटून होडीवर कोसळेल. यांत दुसरें एक कारण मिळतें. ओहोटीचें पाणी खाडींतून वेगानें बाहेर धांवत असतें आणि समुद्राची लाट आंत येत असते. दोघांची गांठ पडली कीं लाट आखूड होते, उभी राहते आणि भिंतीसारखी ढासळते. भरतीचें पाणी लाटेच्याच दिशेनें आंत जात असल्यामुळें तीच लाट लांबट व सौम्य होते. एकाच जागीं, एकाच दिवशीं, त्याच वाऱ्यांत, सहा तासांच्या अंतरानें एक वाट राजमार्ग होते आणि तीच वाट स्मशान होते. वाऱ्याची गोष्टहि अशीच. हिंवाळ्याउन्हाळ्यांत पहांटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो व समुद्र शांत असतो. दुपार कलली कीं वायव्येचा वारा समुद्रावरून सुटतो आणि पाणी खवळूं लागतें.

हें सारें आमच्या दर्यावर्दी बंधूंस शाळेंत न जातां ठाऊक आहे. तिथीचा आंकडा पाऊणपट केला कीं भरतीची वेळ निघते, हा हिशेब मुंबईच्या कोळीवाड्यांत लहान मुलासहि येतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजतां पूर्ण भरती. पौर्णिमेस किंवा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. दक्षिणेस रत्नागिरी-मालवणाकडे जावें तसतशी भरती थोडी आधीं येते, इतकाच फरक. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटीचा तळ. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत पाणी जितकें अधिक चढतें तितकेंच अधिक उतरतें, हें सांगणें नलगे.

दांडा ओलांडण्याची विद्या ही धाडसाची नव्हे, संयमाची विद्या आहे. जाणता तांडेल तोंडाबाहेर होडी थांबवितो आणि लाटा मोजतो. लाटा सारख्या येत नाहींत. कांहीं मोठ्या एकामागून एक येऊन गेल्या कीं थोडा वेळ लहान लाटांचा उतार मिळतो. तो मिळेपर्यंत पाव तास, अर्धा तास, प्रसंगीं संपूर्ण ओहोटीभर वाट पाहणें यास तो कमीपणा मानीत नाहीं. देवळाचा कळस आणि डोंगरावरचें एखादें झाड एका रेषेंत आणून तो नाळ धरतो. आंत येतांना पुढच्या लाटेच्या पाठीवर राहतो. तिला मागें टाकीत नाहीं, आणि मागची लाट वऱ्हामागें येऊं देत नाहीं. लाटेस कूस दाखवीत नाहीं, कारण होडी एकदां आडवी झाली कीं दुसरी लाट तिला उलटी केल्यावांचून राहत नाहीं. एकदां शिरल्यावर मध्येंच परतण्याचा विचार तर मुळींच करीत नाहीं. जाळीं बांधलेलीं, मासळीचें वजन तळाशीं, नांगर व दोर हाताशीं, इतकी तयारी शिरण्याच्या आधींची. तरंगण्याचें जाकीट अंगांत घालावयाचें तेंहि तेथेंच. होडी उलटल्यावर तें फळीखालीं शोधतां येत नाहीं.

मग माणसें कां मरतात? अज्ञानानें, असें उत्तर शहरांत बसून देणें फार सोपें आहे, आणि त्यांत थोडें तथ्यहि आहे. आज कोंकणांतील कित्येक नौकांवर नेपाळांतून आलेले खलाशी काम करतात. डोंगरांत वाढलेल्या त्या गरीब पोरांस या खाडीचें तोंड कोणीं शिकवावें? जीपीएस यंत्र आलें म्हणून कळस व झाड यांचा मेळ घालणें तरुण तांडेल विसरूं लागले आहेत. यंत्रांत गेल्या वर्षीची वाट जशीच्या तशी राहते, समुद्रांत मात्र ती पावसाळ्यानंतर शंभर हात सरकलेली असते. हैदराबादची समुद्रविषयक माहिती देणारी सरकारी संस्था लहान नौकांसाठीं लाटावाऱ्याचें भाकीत प्रसिद्ध करते, भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभराचीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें छापतो. हीं कामें स्तुत्य आहेत. परंतु उघड्या समुद्राचें भाकीत हें खाडीच्या तोंडाचें भाकीत नव्हे. आणि जाणता तांडेल, ज्यास यांतील सर्व कांहीं कळतें, तोहि कधीं कधीं ओहोटींत तोंड धरतो. त्याचें कारण अज्ञान नाहीं. त्याचें कारण बाजार आहे, आणि येथें आम्हांस आमच्या व्यापारी वाचकांशीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे.

मासळीचा लिलाव बहुतेक बंदरांत ठरलेल्या वेळीं लागतो, सकाळीं आणि पुन्हां सायंकाळीं. हर्णैस तर वर्षानुवर्षें नौका समुद्रांत उभ्या राहिल्या, मासळी बैलगाड्यांतून पुळणीवर आली आणि तेथेंच बोली लागली. त्या वेळेस पोंचला त्याच्या टोपलीस चार गिऱ्हाइकें. तासभर उशीरा आला त्यास एक, आणि तेंहि भाव पाडून मागणारें. बर्फ वितळत असतो, मुंबई-पुण्याकडे जाणारा ट्रक सुटण्याच्या बेतांत असतो, आणि ज्या दलालाकडून हंगामाच्या आरंभीं उचल घेतली तोच बोली लावणारा असतो. आतां वरील पाऊणपटीचा हिशेब लिलावाच्या घड्याळाशीं ताडून पाहा. अष्टमीच्या सुमारास सायंकाळीं भरती भरलेली असते. त्या दिवशीं सायंकाळचा लिलाव निर्धोक. पण अमावास्या-पौर्णिमेस भरती अकराच्या आसपास आणि ओहोटीचा तळ सायंकाळीं पांचच्या सुमारास. म्हणजे ज्या दिवशीं दांड्यावर सर्वांत कमी पाणी, खाडींतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सर्वांत अधिक वेग, आणि वर दुपारचा वायव्येचा वारा, नेमकें त्याच दिवशीं व त्याच प्रहरीं आमचा लिलाव माणसास तोंड ओलांडावयास बोलावितो. चंद्र रोज पाऊण तास मागें सरतो. आमचें घड्याळ हलावयास तयार नाहीं. हा योग महिन्यांतून दोन वेळां हटकून येतो, आणि पंचांगांत वर्षभर आधीं छापलेला असतो!

कोणी म्हणेल, व्यापार घड्याळावर चालतो, तिथीवर नाहीं. ट्रक, बर्फ, मुंबईचा पहांटेचा बाजार हें सर्व एकमेकांत गुंतलेलें आहे. आम्ही हें नाकारीत नाहीं. परंतु जे व्यापारी एकादशीस व श्रावणांत मागणी किती उतरते याचा अंदाज तिथी पाहून बांधतात, संकष्टीस मासळी कमी मागवितात, त्यांनीं तिथीवर व्यापार चालत नाहीं असें म्हणावें हें चमत्कारिक आहे. गिऱ्हाइकाच्या उपासासाठीं जर बाजार तिथी पाहतो, तर मासळी आणणाऱ्याच्या जिवासाठीं पाहण्यास अडचण कोणती? दुसरा आक्षेप असा कीं एका बंदरानें वेळ बदलली तर माल शेजारच्या बंदरास जाईल. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हें काम एकट्यादुकट्या दलालाचें नसून एका किनाऱ्यावरील सर्व मच्छीमार सोसायट्यांनीं व व्यापाऱ्यांनीं मिळून करावयाचें आहे.

आतां सरकारकडे वळूं. खाडीचें तोंड कोणाच्या ताब्यांत आहे, असा साधा प्रश्न वकिलास विचारला तर तो पुस्तकांची चळत काढील. राज्यघटनेप्रमाणें प्रादेशिक समुद्रांतील मत्स्यव्यवसाय राज्याच्या सूचींत, त्यापलीकडील मासेमारी केंद्राच्या सूचींत, दीपगृहें व नौकांच्या सुरक्षिततेच्या खुणा केंद्राच्या सूचींत, आणि लहान बंदरें समवर्ती सूचींत. महाराष्ट्राचीं अठ्ठेचाळीस लहान बंदरें १९९६ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या सागरी मंडळाकडे. नौकांचे परवाने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालीं मत्स्यव्यवसाय खात्याकडे. वाळू महसूल खात्याची. किनाऱ्यास हात लावावयाचा तर किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आडवी. १९०८ चा बंदर कायदा शतकावर चालला व २०२५ सालीं संसदेनें त्याच्या जागीं नवा केला, तरी दांड्यावर आज किती पाणी आहे हें सांगण्यास बांधलेला एकहि अधिकारी गांवच्या तांडेलास आढळत नाहीं. वाढवणच्या बंदरावर सुमारें ७६ हजार कोटी रुपये खर्चावयाचे ठरून २०२४ सालीं त्याची पायाभरणी झाली. त्या प्रकल्पाचे गुणदोष हा निराळा विषय. परंतु मोठ्या जहाजांसाठीं खोल पाण्याची इतकी चिंता वाहणाऱ्यांनीं लहान होड्यांच्या वाटेची खोली पावसाळ्यानंतर एकदां तरी मोजून घ्यावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

गाळ काढा आणि बंधारे घाला, अशी मागणी प्रत्येक निवडणुकींत होते व तिला प्रत्येक उमेदवार रुकार देतो. येथें मात्र आम्हांस सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. केरळांत तिरुअनंतपुरमच्या उत्तरेस मुतलपोळी म्हणून खाडीचें तोंड आहे. तेथें मच्छीमारांच्या सोयीसाठीं समुद्रांत दगडी बंधारे घालून बंदर केलें. पण किनाऱ्याच्या कडेनें सरकणारी वाळू बंधाऱ्यांनीं अडविली, तोंडांत दांडे पडले, लाटा बंधाऱ्यांवर आपटून वेड्यावांकड्या येऊं लागल्या, आणि साठांहून अधिक मच्छीमार तेथें मृत्युमुखीं पडले. १० जुलै २०२३ रोजीं एकाच होडींतील चार जण गेले. २०२५ सालीं तर तें तोंड वाळूनें बुजून गेलें आणि गाळ उपसणारें जहाज आणावें लागलें. त्या तोंडाचा अभ्यास करण्याचें काम पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधनशाळेकडे आलें. १९१६ पासून चालत आलेली ही संस्था आपल्या दाराशीं आहे. दूरच्या प्रांतास जिचा सल्ला लागतो तिचा सल्ला दगड टाकण्याच्या आधीं घ्यावा, नंतर नव्हे, एवढाच मुतलपोळीचा धडा आमच्या किनाऱ्यास पुरेसा आहे.

१७ जुलै १९४७ रोजीं रेवसकडे जाणारी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां सारी मुंबई हळहळली, आणि आजहि तें नांव घरोघर ठाऊक आहे. मच्छीमार एकदम सहाशेंनीं मरत नाहीं. तो एक-एक, दोन-दोन असा मरतो, आणि वर्तमानपत्रांत त्यास चार ओळी मिळतात. आमच्या पत्रासहि हा दोष लागू आहे.

मरणानंतरची त्याच्या कुटुंबाची वाट खाडीच्या तोंडाहून सोपी नसते. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंत अपघाती मृत्यूबद्दल पांच लक्ष रुपयांच्या विम्याची सोय आहे. ती चांगली आहे. परंतु समुद्र प्रेत नेहमींच परत देत नाहीं. प्रेत नाहीं म्हणून दाखला नाहीं, दाखला नाहीं म्हणून विमा नाहीं. सात वर्षें वार्ता नसली तर मनुष्य हयात आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडतो, असा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमाचा नियम होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १११ व्या कलमांत तो तसाच आहे. कित्येक विधवांस कचेरींतून हीं सात वर्षें दाखविलीं जातात. वास्तविक हें कलम केवळ गृहीतकाचें आहे. सात वर्षांच्या आधीं मृत्यु पुराव्यानें सिद्ध करण्यास तें आड येत नाहीं. काठावरून होडी उलटतांना पाहिलेल्या दहा माणसांच्या जबान्या त्याच दिवशीं पोलिसांनीं लिहून घेतल्या, आणि होडींत कोण कोण होतें याची यादी धक्क्यावर आधींच नोंदलेली असली, तर बहुतेक प्रकरणांत सात वर्षांचें कारणच उरत नाहीं. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांस ओळखपत्रें मिळालीं, नौकांस क्रमांक व रंग ठरले, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद सुरू झाली. देशाच्या रक्षणासाठीं माणसें मोजण्याची पद्धत आहेच. तीच यादी त्या माणसांच्या बायकामुलांच्या उपयोगीं पडावी असा हुकूम काढण्यास एक पैसाहि खर्च नाहीं. नेपाळच्या खलाशाचें नांव तर त्या यादींत अधिक काळजीनें यावें, कारण त्याच्यासाठीं साक्ष देण्यास गांवांत त्याचें कोणी नसतें.

हीं सरकारचीं कामें सरकार आपल्या गतीनें करील. लिलावाची वेळ मात्र सरकारच्या हातीं नाहीं. ती आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या हातीं आहे. एकदम सर्व महिना बदला, असें आम्ही म्हणत नाहीं. अमावास्या व पौर्णिमा आणि त्यांच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस, एवढेच प्रथम घ्यावे. त्या दिवशीं नौका सकाळीं आठ ते अकरा या वेळांत चढत्या पाण्यावर आंत येऊं शकतात. सायंकाळच्या लिलावाऐवजीं दुपारीं बारा वाजतां बोली लावावी, व ज्यांस दिवसा येणें जमलें नाहीं त्यांच्यासाठीं रात्रीं आठनंतर, पाणी पुन्हां चढल्यावर, दुसरी. अष्टमीच्या आसपास जी वेळ आज आहे तीच ठेवावी. उशीरा येणाऱ्याच्या मालास त्या दिवसांपुरती आदल्या बोलीची किमान किंमत द्यावी, म्हणजे कोणी होडी तोंडाबाहेर थांबवून ठेवली तर त्याचें नुकसान होणार नाहीं. भिंतीवरील कालनिर्णय काढून येत्या दोन महिन्यांचे हे दिवस खुणावयास सोसायटीच्या कारकुनास अर्धा तास पुरे. ट्रकवाल्यास व बर्फाच्या कारखान्यास ती यादी आठ दिवस आधीं पाठवावी.